सहा मिलीची पट्टी

शर्वरी उपड्या खोक्यावर बसून नव्या गाडीचं इंग्रजी पुस्तक वाचत होती आणि मी गाडीभोवती तिसरी फेरी मारत होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. कोल्हापुरात उद्यमनगरला माझं गॅरेज आहे, तिथली ही गोष्ट. आता अकरा वर्षं झाली तिला.

"चाचा, इंजिन या वर्षी मागं कलतं केलंय," ती म्हणाली. "वजन मधोमध यावं म्हणून. हवा सरळ वरनं आत जाणार. आणि हँडलवर बटण दिलंय. चिखल असला की दाबायचं, ताकद हळूहळू सुटती."

"ब्येस. पुढं?"

"चासी नवी हाय. आधीपेक्षा सहाशे ग्रॅम हलकी."

"हलकी म्हणजे माल कमी घातलाय," मी म्हटलं. "पुढं वाच."

गाडी मोटोक्रॉसची होती, अडीचशे सीसीची. मोटोक्रॉस म्हणजे मातीतली शर्यत. उंचवटे, खड्डे, नाल्या, आणि मधनंच माणूस गाडीसकट दुमजली घराएवढा वर जातो. असल्या गाडीला ना लाइट, ना हॉर्न. ही नवी गाडी आण्णांनी मागवली होती. आण्णा म्हणजे धनपाल उपाध्ये, शिरोलीला त्यांची पंपाची फाउंड्री. शर्यतीची टीम त्यांचीच, गाडी चालवणारी शर्वरी चौगुले आणि मिस्त्री मी, रसूल शिकलगार. शर्वरी तेव्हा तेवीस वर्षांची होती. आमच्याकडच्या बऱ्याच पोरींसारखी ती "मी आलो, मी गेलो" असंच बोलायची.

मी टाकी उतरवली आणि बघत राहिलो. इंजिनाचं डोकं चासीला जिथं बांधतात, तिथं दोन्ही अंगाला एकेक पट्टी असते, तळहाताएवढी. जुन्या गाडीला ती चांगली दणकट होती. हिची जेमतेम तीन मिली, अॅल्युमिनियमची, आणि वर तिला मधे भोकं पाडलेली.

"हे बघ," मी म्हटलं. "या पट्टीवर तू उड्या मारणार? गंमत लावलीय काय यांनी?"

"कंपनीनं विचार करूनच केलं असंल की."

"कंपनीनं विचार केला तो माल वाचवायचा. मागच्या वर्षी काय झालं, विसरलीस?"

 मागच्या वर्षी जुन्या गाडीची चासी मानेपाशी, म्हणजे हँडल जिथं बसतं तिथं, तुटली, ऐन उडीत. शर्वरीच्या गळ्याचं हाड मोडलं. आठ महिने ती घरी होती. चासी तुटल्याचा तो आवाज मी ट्रॅकच्या कडेला उभा राहून ऐकला होता. तिला ॲम्ब्युलन्समध्ये घालताना माझा हात तिच्या बुटावर होता आणि मी मनाशी म्हटलं होतं, पुन्हा माझ्या हातची गाडी मोडणार नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. नवी जीप घ्या, ट्रॉली घ्या, टेम्पो घ्या, शोरूममधनं निघाली की आधी वेल्डिंगवाल्याच्या दारात. स्प्रिंगला एक पाटा जास्तीचा, पुढं गार्ड, खाली अँगल. त्याशिवाय गाडी घरी न्यायची नाही. कुणी तशीच नेली तर शेजारपाजारचे विचारतात, अजून मजबूत करून घेतली नाही होय? माझा बाप हेच करत आला आणि मीही तीस वर्षं हेच करत होतो. आमच्या हातनं मजबूत झालेली गाडी म्हणजे खरी गाडी.

त्याच दिवशी मी सहा मिलीच्या लोखंडाच्या दोन पट्ट्या कापल्या. कडा घासून गोल केल्या, वर काळा रंग मारला. कंपनीच्या पट्ट्या भंगारच्या पिंपात टाकल्या. नव्या पट्ट्या लावल्या आणि लांब दांडीच्या पान्ह्यानं, अंगाचा जोर घालून आवळल्या.

"पुस्तकात लिहिलंय, इथं काही बदलू नका," शर्वरी बारीक आवाजात म्हणाली. "आण्णा पण तेच म्हणालेत."

"पुस्तक लिहिणारा तुझ्याऐवजी उडी मारणार हाय का?"

ती हसली. "तुम्ही केलंय म्हणजे झालं, चाचा."

मी आण्णांना काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं? आम्ही पट्ट्या लावतो, जगातली सगळी माणसं श्वास घेतात, तसंच ते.

त्यानंतरच्या आठवड्यात तिनं आमच्या सरावाच्या माळावर गाडी चालवली आणि तिथनंच बिनसायला लागलं. दर वेळी दहा-बारा मिनिटांनी ती परत यायची आणि हात झटकत बसायची.

"बधिर होतायत, चाचा. बोटं लागंनात ब्रेकला."

"मूठ आवळून धरतीस म्हणून. हात ढिले सोड."

"खड्ड्यात पुढचं चाक उडतंय."

"मागं सर. आठ महिने घरात बसलीस, अंग आखडलंय. हुईल."

मी असं दहादा म्हटलं असेन. माझा आवाज तसा चढाच आहे, बायको म्हणते भांडी पण घाबरतात. पोरगी मान हलवायची, पुन्हा हेल्मेट घालायची, पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवसापासनं तिनं तक्रार करायचं बंद केलं. मला वाटलं, सुधारली.

शर्यत नाशिककडे होती. बायकांच्या गटात अकरा जणी. दिवसाला दोन रेस, एक सकाळी दहाला, एक दुपारी दोनला. हाड मोडायच्या आधी शर्वरी या गटात पहिली नाहीतर दुसरी यायची. तिसरी आली तर जेवायची नाही.

सकाळच्या रेसला ती सुटली झकास. नव्या इंजिनाची ताकद दिसत होती, पहिल्या वळणावर ती पुढं होती. त्याच्या पुढं लांब उतार होता आणि उताराच्या तळाला खडबडीत पट्टा, सगळ्या गाड्या तिथं ब्रेक मारतात म्हणून खड्डेच खड्डे झालेले. शर्वरीची गाडी तिथं नाचायला लागली. पुढचं चाक एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. तिनं वेग कमी केला. मागनं दोघी गेल्या. पुढच्या फेरीला आणखी दोघी. ती त्या उतारावर येण्याआधीच गॅस सोडायला लागली होती. शेवटी नववी आली.

मी तंबूत पोचलो तेव्हा ती खाली बसून बूट काढत होती. मोटोक्रॉसचे बूट गुडघ्यापर्यंत असतात, बकलं असतात. दोन रेसच्या मधे ते कुणी काढत नाही. आण्णा बाजूला उभे होते, टोपी हातात घेऊन.

"काय झालं?" मी विचारलं.

"शर्वरी दुसरी रेस चालवणार नाही म्हणते," आण्णा म्हणाले. "नाव काढून घ्यायला सांगतेय."

"का म्हणून? हात दुखतोय?"

"न्हाई," ती म्हणाली. तिनं वर बघितलं नाही. "मी भितो, चाचा."

"काय?"

"उतार यायच्या आधीच मी गॅस सोडतोय. गाडी जरा हलली की हात आपोआप आवळतायत. चार दिवस झाले, मला कळलंय ते. माझं हाड जुळलं, पण आतलं कायतरी न्हाई जुळलं. असली माणसं दुसऱ्यांच्या अंगावर पडतात. मी थांबतो. कायमचंच थांबतो."

"अगं, एका रेसवरनं असं..."

"एका रेसवरनं न्हवं. रोज रात्री झोपताना मी हाच हिशोब घालतोय." तिनं दुसरा बूट काढला आणि दोन्ही शेजारी नीट ठेवले. "आण्णा, तुम्ही गाडी दुसऱ्या कुणाला द्या. चांगली गाडी हाय."

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोला, अशी त्यांची नजर होती.   मी पाणी आणतो म्हणून बाहेर पडलो.

बाहेर चार तंबू सोडून पुण्याची टीम होती. त्यांच्याकडे आमचीच गाडी, तेच मॉडेल, आणि त्यांची पोरगी सकाळी पहिली आली होती. त्यांचा मिस्त्री सोमण नावाचा, चष्मा लावणारा, हातमोजे घालून काम करणारा. मला तो माणूस दोन वर्षं डोळ्यांसमोर नको होता. हातमोजे घालून कसलं काम करतात? पण गाडीची टाकी त्यानं उतरवली होती, म्हणून पाय तिथं थांबले.

त्याची पट्टी कंपनीचीच होती. पातळ, भोकांची. तो तिचे बोल्ट आवळत होता, आकड्यांच्या पान्ह्यानं. किती जोर लावायचा तो आकडा त्यावर ठरवून ठेवतात, तेवढा झाला की पान्हा वाजतो. कट् असा आवाज आला आणि तो थांबला.

"एवढंच?" माझ्या तोंडातनं गेलं. "अजून एक आटा बसंल की."

सोमणनं चष्म्यावरनं बघितलं. "बसेल. पण बसवायचा नाही. या वर्षी मुद्दाम पातळ केलीय ती. चासीला थोडं वाकू द्यायचं, म्हणजे खड्ड्याचा दणका तीच खाते. घट्ट केलं की सगळा दणका हातात येतो. पुढचं चाक जमीन धरत नाही."

"आणि हात?"

"बधिर होतात. आमच्या पोरीचे झाले होते पहिल्या दिवशी, मी जरा जास्त आवळली होती तेव्हा." त्यानं पान्हा पुसून डब्यात ठेवला. "का? तुमच्याकडे काही होतंय का?"

मी तिथल्या पत्र्याच्या खुर्चीवर बसलो.  तीस वर्षांत मी कुणाच्या गाडीची वाट लावली नव्हती. आणि लावली ती कुणाची, तर पोटच्या पोरीसारख्या पोरीची. वर आठ दिवस तिलाच दरडावत होतो, हात ढिले सोड म्हणून.

"सोमण," मी म्हटलं, "तुमच्याकडं या पट्ट्यांची जादा जोडी हाय का?"

"आहे. का हो?"

आता पुण्याच्या माणसाला हे सांगायचं म्हणजे मिशी उतरवून हातात देण्यासारखं. पण सांगितलं. सहा मिली, लोखंड, लांब पान्हा, सगळं. तो हसेल म्हणून मी तोंड फिरवून बसलो होतो. तो हसला नाही. माझ्याबरोबर आमच्या गाडीपाशी आला, वाकून माझी पट्टी बघितली, कडेवरनं बोट फिरवलं.

"काम मात्र फार देखणं केलंय हो," तो म्हणाला. आणि जादाची जोडी आणि तो आकड्यांचा पान्हा मला देऊन गेला.

साडेअकरा वाजले होते. हातात पट्ट्या, समोर गाडी. मनात पहिला विचार काय आला ते खोटं कशाला सांगू? गुपचूप बदलावं. शर्वरीला म्हणावं, थोडं सेटिंग बदललंय, एकदा चालवून बघ. गाडी चांगली चालेल, ती चांगली येईल, लोक म्हणतील पोरीची भीती गेली. आण्णांना कळायचं नाही, उद्यमनगरला कळायचं नाही. सोमण पुण्याचा, तो कशाला कोल्हापुरात सांगत येतोय.

मी तंबूत गेलो. ती चटईवर पडली होती, डोळ्यांवर टॉवेल.

"पोरी, गाडीचं जरा सेटिंग बदलतोय. दुपारी एकदा बसून बघ. मग काय ते ठरव."

"नको, चाचा."

"एकदाच."

"गाडीत काय न्हाई हो." तिनं टॉवेल काढला. डोळे सुजले होते. "ती तुमच्या हातची गाडी हाय. तिच्यात खोट असती तर मी आधी तिलाच नाव ठेवलं असतं. दुसऱ्या कुणी बनवली असती तर मला वाटलं असतं, गाडीच खराब असंल. तुम्ही केलीय म्हणूनच मला कळलं, की खोट माझ्यात हाय."

झालं. यापुढं गप्प बसणारा माणूस माणूस नव्हे. माझ्यावरच्या विश्वासापायी ती पोरगी स्वतःला भित्री ठरवून घरी निघाली होती.

मी खाली बसलो. आण्णा तंबूच्या तोंडाशी फोनवर होते, त्यांनाही हाक मारली.

"आण्णा, तुम्ही पण ऐका. दोनदा सांगायची माझी ताकद न्हाई."

आणि सांगितलं. पट्टी कशासाठी असते, मी ती का बदलली, जाड केल्यावर काय होतं, सोमणनं काय दाखवलं. शर्वरी उठून बसली. मी बोलत होतो ते तिच्या गुडघ्यांकडे बघून.

"हात बधिर व्हायचे ते माझ्यामुळं. चाक उडायचं ते माझ्यामुळं. तू सांगत होतीस आणि मी तुलाच बोल लावत होतो. मागच्या वर्षीचा तो आवाज माझ्या कानातनं जात न्हाई, पोरी. मला वाटलं, मी तुला सांभाळतोय."

 मी शिव्यांची वाट बघत होतो.

"म्हणजे," ती म्हणाली, "मी भ्यालो न्हवतो?"

"न्हाईस."

"नीट सांगा, चाचा."

"न्हाईस तू भ्यालेली. तुझ्या हातांनी बरोबर सांगितलं. गाडी धरत न्हवती म्हणून तू गॅस सोडत होतीस. शहाणा माणूस तेच करतोय."

तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले आणि हमसून रडली. आण्णा बाहेर बघायला लागले. मीही रडलो, लाज कसली. मग तिचं रडणं थांबलं आणि शिव्या सुरू झाल्या. तिच्या आजीच्या तोंडच्या, खास राधानगरीकडच्या, त्या मी इथं लिहीत नाही. आठ दिवस ती झोपली नव्हती. आईला तिनं सांगून टाकलं होतं की माझं संपलं. हे सगळं तिनं मला एका दमात ऐकवलं आणि मी मान खाली घालून ऐकलं. इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

"झालं?" मी विचारलं.

"अजून हाय. पण आधी पट्टी बदला," ती म्हणाली आणि बुटांकडे सरकली.

आण्णा तेव्हा एवढंच म्हणाले, "रसूलभाई, घरी गेल्यावर बोलू." बोलले. मोसमातले पुढचे दोन राऊंड, म्हणजे दोन शर्यती, त्यांनी मला टीमबाहेर ठेवलं, आणि बरोबर केलं. तिसऱ्या राऊंडला परत बोलावलं तेव्हा गाडीचं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, आधी हे कुणाकडनं तरी पूर्ण वाचून घ्या. मी शर्वरीकडनंच वाचून घेतलं, चार दिवस लागले.

त्या दिवशी पट्ट्या बदलायला अर्धा तास लागला. बोल्ट मी कट् होईपर्यंतच आवळले. माझा हात अजून एक आटा मागत होता, त्याला दिला नाही. त्या दिवसात ते सगळ्यांत अवघड काम होतं.

दोनच्या रेसला ती सुटली वाईट. मला वाटलं, नादात क्लच लवकर सोडला; गाडी जागीच बंद पडता पडता राहिली, अकरा जणींत शेवटची. मी उताराच्या तळाशी जाऊन उभा राहिलो होतो.  ती वरनं दिसली. खडबडीत पट्टा आला. तिनं गॅस सोडला नाही. पुढचं चाक खड्ड्यामागनं खड्डा घेत सरळ गेलं आणि तळाला तिनं एकीला मागं टाकलं. पुढच्या फेरीला त्याच जागी दोघींना. मी ओरडत होतो, काय ओरडत होतो ते आठवत नाही, बाजूची माणसं सरकून उभी राहिली एवढं आठवतंय.

चौथी आली. शेवटची सुटून चौथी, पण चौथी म्हणजे बक्षीस नाही, मंचावर जागा नाही. सोमणच्या टीमची पोरगी पुन्हा पहिली. सोमणनं लांबनं हात वर केला, मी पण केला.

शर्वरी गाडी ढकलत तंबूपाशी आली. हेल्मेट काढलं. तोंडभर माती, नुसते दात दिसत होते. मला वाटलं गळ्यात पडेल. पडली नाही. गाडी स्टँडवर चढवली आणि दोन्ही हात पुढं धरून बोटं उघडमीट करून बघितली. मग ती मागच्या चाकाकडे वळली.

"चाचा, वही घ्या. लिहून घ्या."

"काय?"

"मागचा शॉकअप लई कडक हाय, उडीनंतर गाडी दोनदा उसळती. ब्रेकचं पेडल बोटभर वर पाहिजे. क्लच पार शेवटाला धरतोय, म्हणून सुटताना मार खाल्ला. आणि ते चिखलाचं बटण डाव्या अंगठ्याला पोचत न्हाई."

मी वही काढली. लिहायला लागलो. जरा थांबून, तिच्या मनाचा अंदाज घेत, सवयीनं म्हणून गेलो, "क्लचचं तुझं घाईत झालं असंल..."

ती चाकापासनं माझ्याकडं वळली आणि तिनं सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"न्हाई, चाचा. हे माझं न्हवं. गाडीचं हाय."

मी "व्हय" म्हटलं, वहीत क्लचपुढं घाई असं लिहिलं होतं ते खोडलं आणि तिनं सांगितलं तसं लिहिलं.